गरिबी दिसली पाहिजे

कॉलेजच्या गरीब विद्यार्थी निधी समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब कागद वाचत नसत, कपडे वाचत. हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणूनच ठेकेदाराचा मुलगा वॉचमनच्या फाटक्या चपला मागून घालून आला आणि मदत मंजूर करून घेऊन गेला.

त्याच्यामागून इस्त्रीवाल्या पार्बताबाई लेकीला, सुनंदाला, घेऊन आत आल्या. मदत नाही मिळाली तर पोरीचं कॉलेज सुटणार आणि टपरीतली इस्त्री तिच्या हाती येणार, हे दोघी जाणून होत्या.

तात्यासाहेबांनी उत्पन्नाचा दाखला न बघताच बाजूला सारला. "बाई, पोरीच्या ड्रेसची घडी बघा. गरिबाघरी अशी कडक इस्त्री असते होय?"

सुनंदानं मान खाली घातली. पार्बताबाईंनी मात्र साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, तुमचा हा कुर्ताही माझ्याच हातचा. काल टपरीवर आला तेव्हा पार चुरगळलेला होता. मग काल तुम्ही गरीब होता का?"

समितीतल्या सगळ्यांना एकदम खोकला आला. तात्यासाहेबांनी दाखला ओढला, जन्मात पहिल्यांदा वाचला आणि सही केली.

दारातून पार्बताबाई वळल्या. "ते अंगावरचं चुरगळलेलं जाकीटही पाठवून द्या साहेब. तेही श्रीमंत करून देते."