न घडलेली जत्रा

"...आणि खोट्याने एखाद्याचं भलंच झालं असेल, तर ते खोटं परत घ्यायचं का, भंते?"

भंते सुमनशील फाटलेलं चीवर शिवत बसले होते. दोरा सुईत जाईना.

विचारणारी डॉ. मृदुला साखळकर विद्यापीठात बोधनिक मानसशास्त्र शिकवायची. माणसाची स्मृती त्याला कशी फसवते, हा तिचा विषय. त्यावरच तिचं नाव झालं होतं. मागे एकदा याच विहारात येऊन तिने भंतेंच्या डोक्याला तारा लावल्या होत्या. ध्यान मोजायला.

"आज तारा नाही आणल्यास?"

"नाही."

"बरं झालं. फार खाज सुटली होती."

मृदुला हसली नाही.

"बोल. कुणाचं भलं झालं?"

तिने प्रयोग सांगितला. विद्यार्थ्याला त्याच्या लहानपणीच्या खऱ्या गोष्टी सांगायच्या. त्यांतच एक न घडलेली मिसळायची: तू जत्रेत हरवला होतास, एका अनोळखी माणसाने तुला खांद्यावर बसवून परत आणलं. असं काही घडलेलं नाही, याची घरच्यांकडून आधीच खात्री करून घ्यायची. मग आठव म्हणायचं. पुन्हा आठव म्हणायचं. काहींना ते खरंच आठवू लागतं. शेवटी सगळ्यांना खरं सांगून टाकायचं, असा नियम.

"आणि?"

"प्रणाली इंगोले म्हणून माझी विद्यार्थिनी आहे. तिला आठवलं. सगळ्यांत सुंदर आठवलं... फक्त ती म्हणाली, तो माणूस अनोळखी नव्हता. ते बाबा होते."

"बरं."

"ती अगदी लहान असताना ते वारले, भंते. एक फोटो सोडला तर तिच्याकडे त्यांचं काही नव्हतं."

सुई थांबली.

"खरं सांगितलंस तिला?"

"शोधनिबंधात लिहिलंय, सगळ्यांना सांगितलं म्हणून."

"मी निबंधाला नाही विचारलं."

"...नाही सांगितलं."

"का?"

कारणं तयार होती. प्रणालीची परीक्षा जवळ आली होती. तिची मनःस्थिती नाजूक होती. योग्य वेळ यायला हवी होती. वर्गात ही कारणं चांगली दिसली असती.

भंतेंनी दोरा खाली ठेवला.

"आवाज जपून ठेवला असशील ना तिचा? ऐकव."

मृदुलाने फोन पुढे केला.

'बाबांनी मला खांद्यावर घेतलं. मी त्यांचे कान धरले होते. कान गरम होते...'

आणि लोक हसले. भरलेल्या सभागृहाचं हसू.

"हे कोण?"

"परिषद होती. तिथे मी हा तुकडा ऐकवला, त्याचं रेकॉर्डिंग आहे हे. कानांपाशी आले की हसतात लोक. कुठेही ऐकवा."

"एक हसू फार जवळून येतंय. माइकच्या अगदी जवळून."

मृदुलाने फोन पालथा घातला.

"माझं आहे ते."

भंते पालथ्या फोनकडे बघत राहिले.

"माझी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे," ती खाली बघत म्हणाली. "तिथेही हेच ऐकवणार होते. काल प्रणाली पेढे घेऊन आली. मॅडम, तुमच्यामुळे मला बाबा मिळाले, म्हणाली. तिने आईला सांगितलं. आई खूप रडली. आणि आता आईलाही ती जत्रा आठवायला लागलीय... त्याच आईने मला सांगितलं होतं, असं काही घडलंच नाही म्हणून."

"पेढे खाल्लेस?"

"...हो. माझ्या मुलीलाही दिला एक."

बाहेर पिंपळाची पानं वाजत होती.

"सांगू की नको, तेवढं सांगा, भंते. मुलगी पाळणाघरात आहे, सहाला बंद होतं ते."

"तुझे वडील आहेत?"

"नाहीत. गेले."

"त्यांची एक आठवण सांग."

"कशाला?"

"सांग ना, बाई."

"...मला टायफॉइड झाला होता. लहान होते. बाबा उशाशी बसून पेज भरवायचे. चमचा तोंडाजवळ धरून फुंकर घालायचे आणि वाफ त्यांच्या चष्म्यावर जायची. मग चष्मा पुसायचे, पुन्हा फुंकर."

"नक्की तेच?"

"म्हणजे काय? नक्कीच."

"साक्षीला कोण?"

"आई. पण आई म्हणते, तो मामा होता. बाबा तेव्हा दौऱ्यावर होते, म्हणे... आईला नीट आठवत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"मी."

"आणि तुझं शास्त्र?"

बाबांना चष्मा लागला तेव्हा मृदुला कॉलेजात होती. हे तिच्या लक्षात आज, इथे, या चटईवर बसल्यावर पहिल्यांदा आलं.

भंते उठले. कोपऱ्यातलं भिक्षापात्र घेऊन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. कुणाच्या दारात उभे राहतात तसे, नजर खाली.

"भंते, मी काही आणलं नाही हो."

"ती पेज घाल."

"...काय?"

"खोटी आहे ना? तुला कशाला हवी मग? घाल यात."

तिला हसू येईलसं वाटलं. आलं नाही.

तिचे हात पात्राकडे गेले, आणि वाटेतूनच मागे फिरले. ओढणीचा बोळा करून तिने तो पोटाशी धरला.

भंते तसेच उभे.

"नाही देता येत."

भंते तसेच उभे.

"नाही देणार मी!"

आवाज एवढा मोठा निघाला की तिचीच तिला लाज वाटली. डोळे कधी वाहायला लागले तेही तिला कळलं नव्हतं.

भंतेंनी पात्र खाली घेतलं. जागेवर बसले. चीवर मांडीवर ओढलं.

मृदुलाने नाक पुसलं.

"समजलं. प्रणालीला सांगायचं नाही."

"सांग."

"पण तुम्ही आत्ताच तर... मग काल सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

भंते सुईत दोरा ओवू लागले.

"काल सांगितलं असतंस, तर ती एकटीच रडली असती."