अर्धा मठारलेला हंडा

दाराशी लोखंडी दांड्यावर चढवलेला तो तांब्याचा हंडा पाहिलात ना? त्याचं खालचं अर्धं अंग बघा, कसं एकसारखं ठोकलंय. वरच्या अर्ध्यात कशाचा कशाला मेळ नाही. आत, आपल्या या संग्रहाच्या कॉम्प्युटरमध्ये, या शहराचे सगळे आवाज जपलेत. बँडवाले, पिंजारी, फुलवाल्या, सगळ्यांचं बोलणं आहे. पण या हंड्यावर एक ठोका दिल्याशिवाय इथं कुणाला काही ऐकायला मिळत नाही. मंत्री आला तरी नाही. ही प्रथा द्वारकाआत्या वडक्यांनी पाडली, आणि ती काही प्रेमानं पाडलेली नाही, रागानं पाडलीय, असं सांगतात.

समोरची ती उंच इमारत उभी राहायच्या आधी ही अख्खी तांबटांची आळी होती. उजाडलं की घराघरांतून हातोड्या सुरू व्हायच्या. भांडं घडवून झालं की त्यावर शेजारी-शेजारी ठोके मारून ते पक्कं करायचं, त्याला मठारणं म्हणतात. तान्ही पोरं त्या आवाजात झोपायची आणि आवाज थांबला की रडत उठायची, म्हणे. मग इमारत झाली, वर माणसं राहायला आली, आणि त्यांना खटखटीचा त्रास व्हायला लागला. आधी इथं कोण होतं, हे कुणी विचारलं नाही. पालिकेची नोटीस आली आणि एकेक भट्टी गावाबाहेर गेली. मागं राहिला एकटा दत्तोबा वडके, आत्यांचा धाकटा भाऊ. आत्या नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या. दोघं एकमेकांच्या आधारानं दिवस काढायची.

त्या सुमारास हे संग्रहवाले आवाज गोळा करत दारोदार हिंडत होते. दत्तोबानं त्यांना दोनदा वाटेला लावलं. शेवटी आत्यांनीच त्याला भरीस घातलं. आळी गेली, उद्या आपणही जाऊ, पण ठोका तरी गावात राहील, असं त्यांचं म्हणणं. दत्तोबाला पटलं. त्यानं नवा हंडा दांड्यावर घेतला आणि मठारता मठारता बोलायला बसला. हात चालल्याशिवाय त्याची जीभ चालायचीच नाही. दोन शब्द, ठोका, दोन शब्द, ठोका. निम्मा हंडा झाला, बाकीचा उद्या करू म्हणून उठला, आणि त्याच रात्री छातीत कळ येऊन गेला.

संग्रहाचं उद्‌घाटन झालं तेव्हा पहिला मान आत्यांना होता. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. संग्रहाचे प्रमुख सबनीस म्हणून होते, माणूस सज्जन. त्यांनी स्वतः आत्यांच्या कानाला हेडफोन लावला. आत्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. भावाचा आवाज होता. ठोका नव्हता. आणि ठोक्याच्या जागी त्याच्या शब्दांचीही टोकं कुरतडलेली होती.

"हा माझा भाऊ नव्हे," आत्या म्हणाल्या.

सबनीस समजावायला लागले. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून मागची खटखट काढून टाकलीय, फार मेहनतीचं काम असतं. पालिकेच्या नोटिशीतही खटखटच लिहिलं होतं. आत्यांनी मूळचं ऐकवा म्हटलं. मूळचं फार जागा खातं म्हणून पुसून टाकलं होतं.

 आत्यांनी मांडीवरची मानाची शाल तिथंच खुर्चीवर ठेवली आणि उठून गेल्या. परत आल्या त्या दत्तोबाचा हंडा काखेत, हातोडी आणि दांडा दुसऱ्या हातात घेऊन. तांबटांच्या घरी बाईमाणसानं हातोडी धरायची नाही अशी रीत. समारंभाला आलेली जुन्या आळीतली म्हातारी माणसं नको नको म्हणत पुढं आली. आत्यांनी ऐकलं नाही. दारातच फतकल मारली, हंडा दांड्यावर चढवला आणि पहिला घाव घातला. त्या वेळी आत हेडफोन लावून बसलेल्यांच्या कानात, त्या स्वच्छ केलेल्या आवाजातूनच, तो ठोका वाजला म्हणे. खरंखोटं तांबटांची कालिकामाता जाणे. पण आतली माणसं घाबरून बाहेर आली, हे बघणारे पुष्कळ होते.

भाषणं बंद पडली. आत्या ठोकतच राहिल्या. सबनिसांचं तोंड उतरलं होतं. ते शेजारी उकिडवे बसले आणि तुमचा हा ठोका दत्तोबांच्या बोलण्यात जोडून देतो म्हणाले.

आत्यांचा हात थांबला.

"एकदा त्याचा ठोका चोरलात. आता माझा त्याच्या तोंडात कोंबू नका. भोक पाडलंत ना, ते भोक दिसू दे लोकांना. आणि कालिकेची आण घालून सांगते, ज्याला माझ्या भावाचं ऐकायचंय त्यानं आधी इथं हात चालवायचा. फुकट कुणी ऐकायचं नाही."

सबनिसांनी मान खाली घातली आणि पहिली हातोडी त्यांनीच उचलली, असं सांगतात. ठोका वाकडा पडला. तो बघा, काठाखाली, तो खोल खड्डा त्यांचा. आत्या असेतोवर रोज इथं येऊन बसायच्या, आणि सबनिसांशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्यांचा राग गेला नाही. का जावा?

तेव्हापासून इथल्या कुठल्याही आवाजातून काही काढत नाहीत. फुलवालीच्या बोलण्यात कुत्रं भुंकतं, पिंजाऱ्याच्या बोलण्यात कुकरची शिट्टी होते, तशीच ठेवतात. दत्तोबाचं बोलणंही तसंच आहे, तुटकं. आजही लोक या हंड्यावर ठोके घालतात, हंडा काही फुटत नाही. आणि आजही समोरच्या इमारतीतून आवाजाची तक्रार येते, तीही आम्ही जपून ठेवतो.

तर घ्या ही हातोडी. ताई, तुम्ही या पहिल्या. अहो, गोंजारताय काय त्याला? वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.