खाटेवरची घोंगडी

फार जुन्या काळची गोष्ट. एका डोंगराळ राज्यात घोंगड्या विणणारी एक बाई राहायची. नवरा गेल्यावर घरचा माग तीच चालवायची. वीण तिची घट्ट, लोकर निवडक. पण गिऱ्हाईक यायचं, घोंगडी दोन बोटांत चुरगाळायचं आणि म्हणायचं, "टोचते गं बाई!"

थंडी सरत आली. एकच बाजार उरला. त्यात माल खपला नाही तर माग विकायचा, असं दिरानं ठरवूनच टाकलं होतं.

बाईनं डोकं चालवलं. दुकानापुढे खाट टाकली, तिच्यावर एक घोंगडी अंथरली, एक पांघरायला ठेवली आणि हाक दिली, "या, पडून बघा, मगच घ्या!"

युक्ती झकास होती. पण तुम्हीच सांगा, भर बाजारात चारचौघांदेखत आडवं कोण होणार? लोक हसायचे आणि पुढे जायचे.

दुपारी एक म्हातारा आला. लेकीला सासरी पोचवून पायी परतत होता.

"पोरी, घ्यायची ऐपत नाही माझी. नुसतं पडून बघू?"

"बघा की बाबा. त्यासाठीच तर टाकलीय."

म्हातारा टेकला आणि बघता बघता घोरायला लागला.

दीर उखडला. "वहिनी, दुकान मांडलंय की धर्मशाळा? तो बघा, व्यापाऱ्यांच्या तांड्याचा नाईक येतोय. एवढं मोठं गिऱ्हाईक! उठवा त्या म्हाताऱ्याला, खाट मोकळी करा!"

बाईच्या डोळ्यांपुढे घरातला माग आला. तरी तिनं वाकून म्हाताऱ्याच्या उघड्या पावलांवर घोंगडी ओढली.

"माग गेला तर जाऊ दे, भाऊजी. लेकीला सोडून आलेला बाप आहे. किती दिवसांनी डोळा लागलाय कुणास ठाऊक. मी नाही उठवायची."

नाईक आला. खाटेपाशी थबकला. बराच वेळ बघत राहिला. मग आपल्या माणसांना दबक्या आवाजात म्हणाला, "बाजारात एवढा कालवा, आणि हा बघा कसा निवांत! टोचत असती तर कूस तरी बदलली असती. बांधा सगळ्या. रानात आपल्याला अशीच झोप हवी. ती अंगावरचीही घ्या."

"ती नाही मिळायची," बाई म्हणाली. "ती बाबांची झाली."

नाईक हसला. गडी पाय न वाजवता गठ्ठे बांधू लागले. माग घरातच राहिला, आणि पुढच्या थंडीत दिरानं स्वतःच्या हातानं दुकानापुढे दोन खाटा टाकल्या.

तात्पर्य: ज्याला विकत घेणं जमत नाही त्याच्याशीही जो मायेनं वागतो, त्याच्या मालावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.