मधली खुर्ची

गाणी अजून वायरींतून स्पीकरपर्यंत यायची, तेव्हाची गोष्ट. मुकुंदरावांच्या खोलीत एकाच खोक्यातून आलेले दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत होते. डावा उजव्याजवळ जायला झुरायचा.

दिवाळीच्या साफसफाईत सुनेने दोघांना उजव्याच्या कोपऱ्यातल्या फळीवर खेटून ठेवले. डावा हरखून गेला.

संध्याकाळी मुकुंदरावांनी वारलेल्या पत्नीने गायलेले गाणे लावले आणि समोर दोन्ही कोपऱ्यांच्या मधोमध असलेल्या तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. "शरयू आज इथे बसून गात नाही गं," ते सुनेला म्हणाले. "नुसता फळीवरून आवाज येतोय."

सुनेला चूक कळली. तिने डाव्याला उचलले, तसा उजवा कळवळला, "जाऊ नकोस ना!"

"आपण लांब असलो, की ती मध्ये येऊन बसते रे," डावा म्हणाला आणि कोपऱ्यातून पुन्हा उजव्याकडे बघत राहिला.

गाणे सुरू झाले. मुकुंदराव खुर्चीकडे बघून हसले, "आलीस?"