पिंपळढवच्या आभाळाचा मालक

पिंपळढवच्या जमिनीचे सातबारे गावकऱ्यांच्या नावावर होते, पण वरचं आभाळ ब्रिगेडियर रणसिंग यांचं! गावाला खेटून तोफखान्याची छावणी होती आणि तिच्या आसपासचं सगळं आभाळ 'प्रतिबंधित' होतं. तसा भलामोठा फलकही होता. तो जमिनीवर रोवलेला होता, कारण आभाळात रोवायची सोय अजून निघालेली नव्हती.

त्या वर्षी उसावर पांढरी माशी पडली. ऊस डोक्याच्या वर गेलेला. पाठीवर पंप घेऊन आत शिरलेला माणूस पात्यांकडून ओरबाडून घेऊन बाहेर यायचा आणि माशी आपली जागच्या जागी! पानं खालून पांढरी, वरून काळी पडत चालली.

उपाय होता अनुसया वाघमोडेकडे. बचत गटातल्या बायकांनी मिळून फवारणीचा ड्रोन घेतला होता आणि तो चालवायचं रीतसर शिक्षण अनुसयानं घेतलं होतं. ड्रोन उत्तम होता. त्याच्यात खोट एकच, तो उडायचा!

अनुसया परवानगी मागायला छावणीच्या कचेरीत गेली. तिथं सुभेदार खाडे बसले होते.

"जिथं ड्रोन उडवणार, त्या जागेचा वरून काढलेला फोटो जोडा," ते म्हणाले.

"वरून फोटो काढायला ड्रोन उडवावा लागेल ना?"

"अर्थात!"

"मग उडवू?"

"परवानगी आहे का?" खाडे डोळे वटारून म्हणाले.

अनुसया उठली आणि थेट गेटवर जाऊन उभी राहिली. ब्रिगेडियर साहेबांची जीप आली तशी ती आडवी आली. साहेबांनी मिशीला पीळ दिला, सगळं ऐकून घेतलं आणि गरजले, "बाई, या आभाळात माझ्या हुकमाशिवाय काही उडत नाही! काहीही!"

"काहीच नाही?"

"काहीच नाही!"

"बरं झालं सांगितलंत," अनुसया म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती काचेची बरणी घेऊन आली. बरणीत पांढऱ्या माश्या खच्चून भरलेल्या. गेटवर बरणीची झडती झाली. माश्यांकडे ओळखपत्र नव्हतं, तरी त्यांना आत सोडलं. अनुसयाला मात्र दोनदा सही करावी लागली.

तिनं बरणी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "साहेब, या सगळ्या तुमच्या आभाळात उडताना सापडल्या. परवाना विचारला, तर दाखवत नाहीत!"

"माश्या आहेत या!"

"हो ना! तुमच्या हुकमानं उडत असतील, तर आमचा ऊस खायचा हुकूम मागे घ्या. आणि हुकमाशिवाय उडत असतील, तर त्यांना पाडणं तुमचं काम. तोफा आहेतच!"

सुभेदार खाड्यांना ठसका लागला. साहेबांच्या मिशीचं एक टोक हललं, पण साहेब हलले नाहीत.

"तोंड चांगलं चालतं तुमचं. पण तुमच्या ड्रोनला कॅमेरा आहे. त्यातून माझी छावणी दिसेल!"

"कॅमेरा काढून टाकते."

"म्हणजे आंधळं यंत्र? माझ्या आभाळात? तारांवर आदळलं, टाकीवर आदळलं तर? मुळीच चालणार नाही!"

"मग चालेल तरी काय, साहेब?"

साहेबांना आपल्याच हुशारीचं हसू आलं. "असा ड्रोन आणा, ज्याला डोळे असतील, पण तुम्हाला छावणी दिसणार नाही. उद्या सकाळी आणा, परवानगी घ्या! नाही जमलं, तर पुन्हा या गेटवर दिसू नका."

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, बैलाला बांधतात तशी ड्रोनला झापड बांध. कुणी म्हणालं, ढग येतील तेव्हाच उडव. अनुसयानं सगळ्यांचं ऐकलं आणि ड्रोन तेवढा पुसून ठेवला.

सकाळी साहेब स्वतः उसाच्या बांधावर आले. हरलेलं माणूस जवळून बघायची हौस कुणाला नसते! सोबत सुभेदार खाडे होतेच.

"कॅमेरा तर तसाच आहे!" साहेब म्हणाले.

"आहे."

"म्हणजे छावणी दिसणार!"

"दिसणार. पण मला नाही!" अनुसयानं हातातल्या रिमोटला अडकवलेला मोबाइल काढला आणि बाजूला ठेवला. "ड्रोनला जे दिसतं, ते मोबाइलवर येतं. माझ्या मोबाइलऐवजी छावणीचा घ्या आणि सुभेदार साहेबांच्या हातात द्या. रिमोटच्या कळा माझ्या हातात. मी इथं उभी राहून नुसती ड्रोनकडे बघणार. पुढं तार आली, टाकी आली, की सुभेदार साहेबांनी सांगायचं, मी वळवणार. डोळे ड्रोनचे, नजर तुमची, हात माझे!"

साहेबांचा हात मिशीकडे गेला. मिशी दोन्ही बाजूंनी पिळून झाली. मग त्यांनी शेवटची तोफ डागली.

"आणि या खाड्यांना छावणी दिसेल, त्याचं काय?"

अनुसयानं खाड्यांकडे काळजीनं पाहिलं. "साहेब, ते गेली चार वर्षं छावणीतच राहतात. एव्हाना त्यांनी ती पाहिली असेल, तर आता माझा इलाज नाही!"

या वेळी मिशीची दोन्ही टोकं हलली. मग ब्रिगेडियर रणसिंग असे हसले, की टोपी सावरायला दोन्ही हात लागले!

"परवानगी दिली!" ते डोळे पुसत म्हणाले. "आणि छावणीच्या आंब्यांची फवारणीही यापुढं तुमच्याच गटानं करायची. खाडे, घ्या छावणीचा मोबाइल!"

संध्याकाळपर्यंत सगळं शिवार फवारून झालं. आणि तोवर बांधाखाली, गुडघाभर चिखलात उभे राहून, घसा फोडून कोण ओरडत होतं?

"डावीकडे घ्या, ताई! अहो, अजून डावीकडे! तार आहे पुढं, तार!"