म्हसोबाने नाकारलेला पेला

श्रीकेवलगिरी महाराज त्या वर्षी गिरणाकाठच्या बोरदैठणात, नदीच्या उतारावरच्या मठीत मुक्कामाला होते. भिवा हा गावचा भगत. जत्रेत म्हसोबाला मोहाची दारू चढवायची आणि उरलेला पेला भगताने प्रसाद म्हणून प्यायचा, ही तिथली रीत. एरवीही लोक भगताला प्रसाद म्हणून दारूच पाजत. त्या दारूने भिवाचे यकृत आक्रसून कठीण झाले, डोळे पिवळे पडले, पोटात पाणी साठले. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाणी काढले आणि दारू व मीठ कायमचे बंद केले. महाराजांनी त्याच्याकडून तशी शपथच घेतली. बायको ठकूबाई ती शपथ डोळ्यांत तेल घालून राखी. अळणी भाजी रांधी आणि स्वतःही तीच खाई.

"ठकू, तुझ्या नवऱ्याला देवापेक्षा डाक्तर मोठा झाला का गं?" दौलतराव पाटील चावडीवरून हसत.

जत्रेच्या सकाळी भिवा बरळू लागला. पुढे धरलेले हात पंखांसारखे फडफडले. लोक ओरडले, "देव आला! अंगात देव आला!" पाटलांनी पेला भरून त्याच्या तोंडाशी नेला.

ठकूबाई आडवी आली. "ह्यो देव न्हाई, पाटील! त्यांचं पोट साफ न्हाई, रातभर डोळा न्हाई. डाक्तरांनी बजावलंय, असं बरळाया लागले की तडक घेऊन या."

"बाजूला हो! गावावर कोप आणतेस?"

बाया तिला ओढू लागल्या. तिने पेल्यावर तळहात दाबून धरला. "न्हाई पाजू देणार! महाराज, धावा!"

महाराज गर्दीतून पुढे आले. शांतपणे म्हणाले, "हात काढ, बाई. पाटील, आधी देवाला पाजा. रीत तीच ना?"

पाटलांनी शेंदरी दगडावर पेला कलंडला. थेंब पडेना! पालथा केला, झटकला. दारू पेल्यात तशीच थरथरत राहिली. वाजंत्री थांबली.

"देवाने तोंड मिटले आहे," महाराज म्हणाले. "थकलेल्या यकृताला पोटात तुंबलेले विष गाळता येत नाही. ते याच्या मेंदूवर चढले आहे. गाडी काढा."

पाटलांनी स्वतः जीप हाकली. दवाखान्यात औषधाने पोट मोकळे झाले, तसा भिवा हळूहळू शुद्धीवर आला. पहिला प्रश्न, "ठके, शपथ मोडली का गं?"

"मोडू दिली असती व्हय?"

महाराज म्हणाले, "बिघडले ते सगळे परत येणार नाही, भिवा. उरले आहे ते राखायचे. रोज, जन्मभर."

पाटील महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही, दौलतराव. पेला तिने अडवला."

आणि दौलतरावांनी पागोटे काढून ठकूबाईपुढे मस्तक टेकवले.