हार घालणारे हात

पतपेढीचे अध्यक्ष बापूसाहेब इंगवले यांना फोटोत शेजारी कुणी खपत नसे. पतपेढीच्या कारकून कुंदाताईंनी त्यांच्या सत्काराचा फोटो बेताने कापून आणला होता. मांडवाचे खांब गेले होते, बापूसाहेबांची मागची रिकामी खुर्ची गेली होती. मधोमध बापूसाहेब होते आणि त्यांना हार घालणारे दोन सभासद.

"हे दोघं कशाला? कापा!" बापूसाहेब गुरगुरले. "उद्या पेपरात फक्त मी आणि हार."

"त्यांचे हात तरी राहू द्या."

"बोटसुद्धा नको!"

संध्याकाळी कुंदाताईंनी नवा फोटो चौकटीत बसवून टेबलावर उभा केला. चेहरा, हार आणि मागे कोरा पडदा. बापूसाहेब पडलेला चष्मा शोधायला टेबलाखाली वाकले, तेवढ्यात एक म्हातारे सभासद दारात आले. फोटो बघून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले.

"अरेरे! कधी गेले हो?"

बापूसाहेब टेबलाखालून ताडकन वर आले. "हा काय प्रकार आहे?"

"हार घालणारे हात कापले, बापूसाहेब, की बघणारे हात जोडतात," कुंदाताई म्हणाल्या.

"घ्या, सगळं परत आत घ्या! ती खुर्चीसुद्धा!"

"माणसं घेते. पण तुमची रिकामी खुर्ची दिसली, तर लोक पुन्हा तेच विचारतील."